गोधडीचे मोल

जळगाव-धुळ्याच्या काळ्या जमिनीत कापूस पिकतो. पण तो पिकविणाऱ्याच्या घरी थंडी निवारते ती जुनेराची गोधडीच! फाटके लुगडे, धोतर, सदऱ्याचे तुकडे जोडून त्यांवर धावदोरा घालीत आमच्या मायबहिणी दिवसचे दिवस खपतात. त्या श्रमास आम्हीच 'चिंध्या' म्हणून हिणवितो. शहरात मात्र हीच गोधडी कला ठरून चांगला दाम आणते. गाडगेबाबा (१८७६–१९५६) चिंध्यांचीच गोधडी पांघरीत. लोक त्यांस गोधडेबुवा म्हणत. त्याने त्यांचा मान उणा झाला काय? तेव्हा गोधडी विकणे झाले तर चिंध्या मोजू नका, टाके मोजा. आणि जिने टाके घातले तिच्याच हाती पैसा द्या.