स्नेहसंमेलन छान झालं, पण वाचता कधी येणार?

गेल्या मे महिन्यात गावी, रेडीला गेलो होतो. तिसरीतून चौथीत गेलेल्या भाचीला घेऊन एसटीची वाट पाहत उभा होतो. गाडी आली तशी तिने विचारलं, "मामू, ही खंय जाता?" पाटीवर ठळक अक्षरांत 'सावंतवाडी' लिहिलेलं होतं. मी नुसतं बोट दाखवलं. ती 'सा' म्हणाली, 'व'पाशी अडली, आणि मग ड्रायव्हरकडे बघून म्हणाली, "सावंतवाडीची. हो काको थयच जाता."

हुशार पोर आहे. तिची चित्रं शाळेच्या भिंतीवर लागतात, स्नेहसंमेलनात ती पुढच्या रांगेत नाचते. शाळा स्वतःला अभिमानाने कलाकेंद्री म्हणवते. वाचनाचं विचारलं की पालकांना उत्तर मिळतं, "घाई करू नका, आपोआप येईल." माझं भांडण या 'आपोआप'शी आहे.

कलेशी माझं भांडण नाही. चित्रं बंद करून पाढे घोकून घ्या म्हणणाऱ्यांच्या बाजूला मी उभा नाही. पण बोलणं आपोआप येतं, वाचणं येत नाही. लिपी माणसाने बनवली आहे; ती कुणीतरी दाखवावी लागते. 'कि' लिहिताना वेलांटी आधी काढायची, पण तिचा उच्चार नंतर. दशावतारातल्या नटासारखा एकच 'र' वेष बदलून येतो: 'कर्म'मध्ये डोक्यावर, 'चक्र'मध्ये पायाशी, 'ट्रक'मध्ये आणखी वेगळा. हे मुलाने नाचता नाचता स्वतः शोधून काढावं, ही अपेक्षा कशाच्या जोरावर?

त्यात आपल्या मुलांचा पेच दुहेरी. घरात उर्दूमिश्रित बोली, अंगणात मालवणी, पुस्तकात प्रमाण मराठी. 'माका' म्हणणाऱ्या मुलाला 'मला' वाचायचं असतं. हीच मुलं मक्तबात रोज थोडा वेळ सराव करून अरबी अक्षरं ओळखायला लागतात. म्हणजे डोकं कमी नाही, सरावाने लिपी येते. तिथे अर्थ राहून जातो, आणि कलाकेंद्री शाळेत अक्षर राहून जातं. मुलाला दोन्ही हवं.

'आपोआप' कुणाच्या घरी खरं ठरतं तेही बघा. जिथे पुस्तकांचं कपाट आहे, रात्री कुणीतरी गोष्ट वाचून दाखवतं, तिथे मूल वाचायला लागतं आणि श्रेय शाळा घेते. प्रत्यक्षात शिकवलेलं असतं आईने. मासेमारी करणाऱ्याच्या, खाणीवर राबणाऱ्याच्या घरी ती सोय नसते. त्या मुलाला शाळा हाच एक आधार. तिथे 'आपोआप' म्हणणं म्हणजे जबाबदारी झटकणं.

हस्तकलेतून शिक्षण ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. 1937 साली वर्ध्याच्या परिषदेनंतर झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने नई तालीमची आखणी केली. हस्तोद्योग केंद्रस्थानी, शिक्षण मातृभाषेतून. पण उत्पादनाच्या नादात शिक्षणाचा हेतू हरवेल, हा धोका त्याच अहवालात नोंदवलेला आहे. आज सूतकताईच्या जागी नाच आला, धोका तोच राहिला. अलीकडचं उदाहरण फलटणचं. जन्माने अमेरिकन असलेल्या भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणच्या बोलीवर पीएच.डी. केली, तिथेच शाळा काढली आणि मुलांच्या बोलीचा मान राखत, पायरीपायरीने वाचन शिकवण्याचं काम उभं केलं. बोलीवर प्रेम होतं म्हणून त्यांनी अक्षर ओळखीचं काम नशिबावर सोडलं नाही.

आपल्या जिल्ह्यात तर पिंगुळीची चित्रकथी आहे. ठाकर समाजातले कलाकार एकेक चित्र पुढे धरत कथा सांगतात, आणि त्या चित्रांच्या संचाला 'पोथी'च म्हणतात. हीच पद्धत वर्गात का नको? मुलाने पाच चित्रं काढावीत आणि गोष्ट सांगावी. "माका मासो गावलो," असं ते म्हणालं, तर बाईंनी तसंच चित्राखाली लिहावं. मूल ते बोट ठेवून वाचेल, कारण वाक्य त्याचंच आहे. मग 'मासो'तला 'म' सुटा करून दाखवावा, त्याच्यापासून नवे शब्द बनवावेत, पुढे पुस्तकातला 'मासा' शेजारी मांडावा. महिन्याभराने चित्राखाली मुलानेच लिहावं. इथे कला वाचनाच्या आड येत नाही, त्याचं दार उघडते. पण बाईंनी रोज, ठरवून, वेळ द्यावा लागतो.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे डेमो झकास झाला म्हणून माल तयार झाला, असं कुणी मानत नाही. स्नेहसंमेलन हा डेमो आहे. 2021 मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत'ने 2026-27 पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, असं उद्दिष्ट ठेवलं. 'असर'च्या 2024 च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या 27.1 टक्के मुलांनाच दुसरीचा उतारा वाचता आला. आकडा देशाचा आहे, पण एसटीच्या थांब्यावर तो मला आपल्या घरात दिसला.

म्हणून पालकांना एक विनंती. पुढच्या पालकसभेला जाताना मुलाने कधीही न पाहिलेल्या गोष्टीच्या पुस्तकाचं एक पान सोबत न्या आणि बाईंसमोर ते त्याला वाचायला द्या. अडलं तर मुलाला रागावू नका. शाळेला विचारा, यासाठी रोज किती वेळ देता आणि काय करता? उत्तर 'आपोआप' असेल, तर खुर्चीवरून उठू नका.