महाग झाले ते घड्याळ की मोठेपण?

घड्याळ वेळ पाहण्याकरिता असते, असे आपण आजवर मानीत आलो. परंतु वेळच पाहावयाची असेल, तर ती काही शे रुपयांच्या घड्याळातही बिनचूक दिसते. मग स्वित्झर्लंडच्या घराण्यांची किल्लीची घड्याळे लाखांच्या घरात कशी गेली? माझा व्यवसाय गाणे शिकविण्याचा. पण ‘घराणे’ म्हटले की कान टवकारतात.

१९६९ च्या डिसेंबरात जपानच्या सेइको कंपनीने क्वार्ट्‌झचे मनगटी घड्याळ विक्रीस आणले. त्या पहिल्या घड्याळाची किंमत साडेचार लाख येन होती. पण थोड्याच वर्षांत हे तंत्र अगदी स्वस्त झाले. अचूकपणात किल्लीचे घड्याळ त्याच्यापुढे टिकेना. १९७० च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये या धंद्यावर सुमारे ९०,००० माणसे पोट भरीत होती. पंधराएक वर्षांत ती जवळजवळ एकतृतीयांशावर आली.

जी घराणी तगली, त्यांनी वेळ विकण्याचे सोडून दुर्मिळपणा विकावयास घेतला. ऑदेमार पिगे यांनी १९७२ साली ‘रॉयल ओक’ काढले. घड्याळ पोलादाचे आणि किंमत ३,३०० फ्रँक! वाट मात्र तीच ठरली. २००० साली स्वित्झर्लंडमधून जवळपास ३ कोटी घड्याळे परदेशी गेली, २०२३ साली १ कोटी ७० लाखांहूनही कमी. निर्यातीचे मोल मात्र सुमारे १० अब्ज फ्रँकांवरून २६ अब्जांच्या वर गेले.

सोने महागले, हे खरे. १९७१ पर्यंत औंसाला ३५ डॉलर हा अमेरिकेने बांधलेला भाव होता, तो बांध फुटला. पूर्वी एका डॉलरला चार फ्रँकांहून अधिक मिळत, आता एकही पुरता मिळत नाही. पण एवढ्याने पोलादाच्या घड्याळाचा भाव उलगडत नाही. विजेचा तंबोरा आला, म्हणून मिरजेचा तंबोरा काही लाखांवर गेला नाही. कारण तंबोरा घेणारा तो वाजवावयास घेतो. घड्याळ घेणारा पुष्कळदा दाखवावयास घेतो, आणि दाखविण्याच्या वस्तूला किंमत हाच गुण ठरतो.

याची झळ आपल्या जुन्या घरांनाही लागते. वडिलांना राजवाड्यातून बिदागीबरोबर मिळालेले घड्याळ मागावयास एक व्यापारी आमच्याकडे येऊन गेला. त्याने सांगितलेली रक्कम माझ्या वर्षभराच्या शिकवण्यांहून मोठी होती. ते मी दिले नाही; परंतु पुढे ते चालावे कसे? कित्येक बड्या कंपन्या बाहेरच्या घड्याळजीला सुटे भागच देत नाहीत, आणि आमच्या पेठेतल्या म्हाताऱ्या घड्याळजींच्या हाताखाली एकही मुलगा नाही.

शिष्य नसला की घराणे बुडते, हे गवयाच्या मुलाला कोणी सांगावयास नको. कपाटातली घड्याळे दुरुस्तीला बाहेर काढा. घड्याळजीला काम मिळाले, तरच त्याच्याजवळ कोणी शिकावयास बसेल.