कांदा पोसतो, मग पोरं का नाही?

मित्रांनो, आज जरा स्पष्ट बोलतो. राग आला तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाचा.

आपला शेतकरी बांधावर उभा राहून म्हणतो, "यंदा कांदा चांगला पोसलाय." तेव्हा तो खताची पावती दाखवत नाही, कांदा हातात घेऊन दाखवतो. बाजरीचं कणीस पोसलं म्हणजे दाणा भरला. किती घातलं ते कुणी विचारत नाही, अंगी किती लागलं ते बघतात.

आता याच शब्दाचा सरकारी अवतार बघा. 'पोषण'. शालेय पोषण आहाराचं नाव २०२१ मध्ये 'प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण' झालं. सप्टेंबरात पोषण माह असतो. बॅनर, रांगोळी, शपथ, फोटो. नावात शक्ती आली, ताटात काय आलं?

नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने ठरवलं, आठवड्यातून एक अंडं, न खाणाऱ्याला केळं. अंड्यामागे पाच रुपये. जानेवारी २०२५ मध्ये तो निधीही बंद केला. द्यायचंच असेल तर लोकसहभागातून द्या म्हणे!

२०१३ चा अन्नसुरक्षा कायदा सांगतो, पहिली ते पाचवीच्या पोराला शाळेतल्या जेवणातून १२ ग्रॅम प्रथिनं मिळाली पाहिजेत. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम असतात. म्हणजे त्या जेवणातली निम्मी प्रथिनं एका अंड्यात. आणि काटकसर सुचली ती नेमकी तिथेच.

यावर आपल्यातलेच काहीजण म्हणतात, "बाहेरून आलेल्यांची पोरं, आपण किती पोसायची?"

दादा, रांजणगाव एमआयडीसीत बारा बारा तास राबणारी ही माणसं. कारेगावात खोल्यांच्या चाळी उभ्या राहिल्या त्या यांच्या भाड्यावर. किराणा, मेस, रिक्षा, सगळं यांच्या पगारावर चालतं. मग कोण कुणाला पोसतंय?

माझं म्हणणं एवढंच. ग्रामसभेत ठराव घ्या, अंड्याचा निधी सरकारने परत सुरू करावा. तो हक्क आहे, दान नाही. तोवर गावाने आणि कंपन्यांनी मिळून अंडी द्यावीत, पण सरकारला सुटका नको. आणि पोषण माहात फोटोऐवजी पोरांच्या वजन-उंचीचे आकडे शाळेच्या फळ्यावर लिहा, नावं न घालता. कांद्याचं वजन करतोच ना आपण?

नुसतं लाईक करू नका. ग्रामसभेला या.