दोन सेंटिमीटर

सप्टेंबर म्हणजे पोषण महिना. गावोगावी पाककृतींची प्रदर्शने भरतील, फेऱ्या निघतील आणि अंगणवाडीत नेहमीप्रमाणे वजन-उंचीही घेतली जाईल. आम्हाला बोलायचे आहे ते या नेहमीच्या कामाबद्दल.

14 महिन्यांचा एक मुलगा आहे असे समजा. वजन 7.4 किलो. नीट निजवून मोजली तर लांबी 75 सेंटिमीटर. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात तो तीव्र कुपोषित, म्हणजे सॅम ठरतो. पण मूल रडत होते, गुडघे धरायला दुसरे कुणी नव्हते आणि वहीत 73 लिहिले गेले. तेवढ्याने तो मॅममध्ये, म्हणजे मध्यम कुपोषितांत गेला आणि ग्राम बाल विकास केंद्राच्या यादीतून सुटला. लांबी कमी लिहिली की बाळ आहे त्यापेक्षा सुदृढ दिसते, हे विसरून चालणार नाही.

दंडघेराला तक्ता लागत नाही. 6 ते 59 महिन्यांच्या मुलाचा डावा हात सैल सोडून, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये पट्टी लावायची. ती दंडाला टेकावी, पण रुतू नये. 11.5 सेंटिमीटरच्या आत सॅम, 12.5 च्या आत मॅम. आईलाही हे शिकवता येते. मात्र दंडघेरात सुटलेले मूल उंचीनुसार वजनात सापडते, तसेच उलटही घडते. म्हणून दोन्ही मापे घ्यावीत. शिवाय दोन्ही पावले अंगठ्याने तीन सेकंद दाबून पाहावीत. दोन्हीकडे खळगा राहिला तर आकडे काहीही सांगोत, ते मूल सॅमच.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत महाराष्ट्रातील 9.4 टक्के बालके तीव्र लुकडी होती. 2019-21 च्या पाचव्या फेरीत ती 10.9 टक्के झाली. ही मुले कुठल्या ना कुठल्या अंगणवाडीच्या हद्दीतच राहतात.

पर्यवेक्षिका आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना आमची कळकळीची विनंती आहे. सॅमचा आकडा वाढला म्हणून सेविकेला जाब विचारू नका. जाबाची धास्ती असली की काठावरचे मूल हमखास सुरक्षित बाजूला लिहिले जाते. त्यापेक्षा या महिन्यात प्रत्येक अंगणवाडीतली दहा मुले तिच्याबरोबर बसून पुन्हा मोजा. एकीने डोके धरावे, दुसरीने गुडघे.