दुपारची वही : ‘त्यांना विचारलंस का?’

आकाशकंदील उतरवून झाले, फराळाच्या डब्यांच्या तळाशी चकलीचे तुकडे तेवढे उरले, आणि आमच्या लेखनमंडळाची दिवाळीनंतरची पहिली दुपार परवा पार पडली. नेमाने वाचणाऱ्यांना ठाऊकच आहे, दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी पुण्यातल्या आमच्या पेठेतल्या वाचनालयाच्या माडीवर आम्ही बारा-पंधराजणी जमतो. घरची कामं आटोपून, कुणी दळण टाकून, कुणी नातवाला शिकवणीला सोडून. प्रत्येकीनं काहीतरी लिहून आणायचं, वाचायचं आणि न रुसता ऐकून घ्यायचं, एवढीच अट.

यंदा पेढ्यांची रेलचेल होती. बँकेतून निवृत्त झालेल्या ताईंची कथा एका दिवाळी अंकात आली. काकूंचा लेख रविवारच्या पुरवणीत आला आणि त्यावर वाचकांची चार पत्रंही आली. माझं म्हणाल, तर माझी कथा ‘साभार परत’ आली. आमच्याकडे पेढे बघून पहिला प्रश्न झाला, “मानधन किती मिळालं?” ताईंना मिळालेल्या मानधनात दिवाळीच्या रव्या-बेसनाचा खर्चदेखील निघाला नसता; पण छापील नावाचा हुरूप काही वेगळाच असतो, नाही का?

मात्र या छापील पानांमागे काय काय झालं, ते सांगण्यासारखं आहे.

ताईंची कथा १९५५ सालातली. नायिका मंडईत जाते आणि मेथीच्या जुडीला ‘पंचवीस पैसे’ देते, असं त्यांनी पहिल्या खर्ड्यात लिहिलं होतं. ऐकता ऐकता आमच्या अठ्ठ्याहत्तरीच्या मावशी म्हणाल्या, “थांब गं. पंचवीस पैसे कुठले आणलेस? आणि मेथीला एवढे?” मग सगळा हिशेब निघाला. दशमान नाणी आली १ एप्रिल १९५७ ला. त्याआधी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे. जुन्या हिशेबानं पंचवीस पैसे म्हणजे सहा आणे एक पैसा! ताईंच्या मनात होती ती पावली, म्हणजे चार आणे. नव्या नाण्याला पुढे १९६४ पर्यंत ‘नवा पैसा’च म्हणत होते, तेही त्यातच निघालं. मापांचंही तसंच. किलो १९५८ पासून हळूहळू आले. तोवर शेर, अच्छेर आणि पावशेर. ताई हसून म्हणाल्या, “जन्मभर दुसऱ्यांचे पैसे मोजले आणि स्वतःच्या कथेत चुकले!” ‘एवढ्या-तेवढ्यानं काय बिघडतं,’ असं म्हणू नका. ज्या बाईनं ती पावली हाताळली आहे, तिचा कथेवरचा विश्वास त्याच ओळीत उडतो.

काकूंचा लेख मेतकुटावर. त्यांच्या सासूबाईंच्या हस्तलिखित वहीत सगळं ‘एक चिपटं’, ‘अर्धं चिपटं’ असं. काकूंनी आधी ते सरळ वजनात बसवलं आणि मेतकूट पार बिघडलं. चिपटं हे मापाचं परिमाण, वजनाचं नव्हे, हे बिघडल्यावर ध्यानात आलं. चिपटंभर हरभऱ्याची डाळ आणि चिपटंभर पोहे सारख्या वजनाचे भरतील कसे? मग त्यांनी माळ्यावरचं पितळी चिपटं काढलं, चिंचेनं घासलं, एकेक जिन्नस त्यात भरून तागडीत घातला आणि टिपून ठेवला. चार शेरांची पायली असं आपण म्हणतो खरं, पण गावागावाचा शेर निराळा. म्हणून वही ज्या गावची, माप त्याच गावचं हवं. वाचकांची पत्रं आली ती यावरच. जुन्या वह्या घरात असतील तर मैत्रिणींनो, वहीबरोबर मापही जपा. भंगारात देऊ नका.

आता वहिनींची गोष्ट. पेढे त्यांनी वाटले नाहीत, पण परवाची निम्मी दुपार त्यांच्यावरच गेली.

वहिनी आमच्यातल्या सर्वांत धाकट्या. त्यांनी पानशेतच्या पुरावर कथा लिहायला घेतली. पुण्यात ‘पूर’ म्हटलं की तारीख सांगावी लागत नाही, तरी लांबच्या मैत्रिणींसाठी सांगते : १२ जुलै १९६१, बुधवार. आंबी नदीवरचं पानशेतचं धरण अजून पुरतं बांधून झालेलं नव्हतं. ते सकाळी फुटलं, त्या लोंढ्यानं खाली मुठेवरचं खडकवासल्याचं धरणही गेलं आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. वहिनींच्या पहिल्या खर्ड्यात मध्यरात्र होती, सगळे गाढ झोपलेले, आणि पाण्यावर चांदणं पडलेलं. वाचताना अंगावर काटा आला. पण पाणी आलं ते दिवसाउजेडी. आणि मावशींच्या घरी पंचांगांचा गठ्ठा आहे, त्यातलं शके १८८३ चं काढून बघितलं तर त्या दिवशी अमावास्या! चांदणं गेलं, मध्यरात्र गेली. वहिनी रडकुंडीला आल्या.

त्या मग पंधरा दिवस दुपारच्या वेळी ग्रंथालयात जाऊन त्या वेळच्या वर्तमानपत्रांच्या फायली चाळत बसल्या. गोखलेनगरात पूरग्रस्तांसाठी उभारलेल्या अर्धगोल छपरांच्या घरांची माहिती काढली. खडकवासल्याचंच पाणी वाहून गेल्यामुळे पुरानंतर शहरात पाण्याचीच टंचाई पडली, हे वाचून त्या म्हणाल्या, “हे मला कधी सुचलंच नसतं.” आणि मुख्य म्हणजे त्या एका आजींकडे जायला लागल्या. आजी आता ऐंशीच्या पुढच्या. पूर आला तेव्हा नव्या नवरी होत्या.

विचारावं कसं, हे मी वहिनींकडून शिकले. ‘त्या वेळी कसं होतं हो?’ असं विचारलं की माणसं भाषण करतात. वहिनी विचारत, “आजी, त्या सकाळी चुलीवर काय होतं?” की आजी एकदम त्या स्वयंपाकघरातच! तिथून बोलता बोलता आजींनी एके दिवशी एक गोष्ट सांगितली, जी त्यांनी साठ वर्षांत कुणाला सांगितली नव्हती. पुरात काय गेलं आणि काय गेलं असं सांगितलं गेलं, याची. याहून जास्त मी इथे लिहिणार नाही. कारण पुढे कळेलच.

कथा त्या गोष्टीवर उभी राहिली. वाचली तेव्हा माडीवर पंखा तेवढा ऐकू येत होता. दिवाळी अंकासाठी कथा पाठवायची मुदत चार दिवसांवर आलेली. मीच वहिनींना म्हटलं, “पाठवून टाका, आता थांबू नका.” त्यांनी पाठवली, संपादकांचा आठवड्याभरात होकार आला, आणि पुढच्या बैठकीत आम्ही टाळ्या वाजवत असताना मावशींनी विचारलं, “त्यांना विचारलंस का?”

वहिनी गप्प.

त्या दिवशी आमच्यात बरीच जुंपली. कुणी म्हणालं, नाव बदला, पेठ बदला, पुराऐवजी आग लावा. ताई म्हणाल्या, “असं घाबरायचं तर लिहायचंच कशाला? लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिताना घरादाराची परवानगी काढली होती का?” त्यावर मावशी शांतपणे म्हणाल्या, “लक्ष्मीबाई स्वतःची गोष्ट सांगत होत्या.” मला ताईंचंही पटत होतं, अजूनही थोडं पटतं. विचारून विचारून लिहायचं म्हटलं तर निम्मं मराठी साहित्य छापलंच गेलं नसतं. पण तो दिवस तसा नव्हता. आजी कोपऱ्यावरच्या घरात राहत होत्या, पाच मिनिटांच्या अंतरावर.

दुसऱ्या दिवशी वहिनी कागद घेऊन गेल्या. आजींनी डोळे मिटून सगळं ऐकलं. पहिल्यांदा म्हणाल्या, “रॉकेलचा वास राहिला की गं. डबा उलटला होता, पाण्यावर सगळा तवंग.” मग कितीतरी वेळानं, “छान लिहिलंयस. पण ज्यांना हे कळायला नको, त्यातलं एक माणूस अजून आहे.”

वहिनींनी त्याच संध्याकाळी संपादकांना फोन करून कथा मागे घेतली. बिचाऱ्यांची पानं लागत आली होती. नाराज झाले, पण पुढच्या वर्षी दुसरी द्या म्हणाले. वहिनींच्या यजमानांना अजून समजत नाही की हातातोंडाशी आलेलं कुणी असं सोडतं का. मलाही वाईट वाटतंच, आणि घाई मी केली होती हेही खरं.

त्यानंतर आम्ही मंडळाच्या वह्यांत एक समास जास्तीचा आखला आहे. ऐकलेली गोष्ट लिहिताना त्यात तारीख, कुणी सांगितली ते, आणि पुढे ‘छापायचं’, ‘नाही’ किंवा ‘विचारून’ यातला एक शब्द. सांगणाऱ्यासमोरच लिहायचा, घरी येऊन नाही. आणि पूर, भूकंप, लग्न, सणवार काहीही असो, तारखेला पंचांग आणि त्या दिवसाचं वर्तमानपत्र अशी दोन्हीकडे ताडून बघायची. वर्तमानपत्रालाही चुका होतात आणि आठवणीलाही. दोघांचं जमलं तर पुढे जायचं, नाही जमलं तर तिसऱ्याला विचारायचं. पुढच्या दिवाळीसाठी लिहिणार असाल तर हे आत्तापासूनच सुरू करा. पुष्कळ अंक पावसाळ्यातच मजकूर गोळा करतात, आणि आषाढात धावाधाव केली की माझ्यासारखं होतं. कथा एका वेळी एकाच अंकाला पाठवा, आणि कधी पाठवली ते कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी टिपून ठेवा.

आजींनी ती कथेची पानं मागून घेतली. कपाटात लुगड्यांच्या घडीखाली ठेवली आहेत म्हणे. गेल्या मंगळवारी त्यांनीच वहिनींना निरोप धाडला, “वही घेऊन ये. ते नको, आमच्या वाड्यातल्या सुइणीचं सांगते. ते छाप.”

हा मजकूर मी पाठवण्याआधी त्यांना वाचून दाखवला. दोन वाक्यं त्यांनी काढायला लावली आणि रॉकेलचा वास मात्र ठेव म्हणाल्या.