ठोक्यांवर चालणारा पेसमेकर

पेसमेकरची बॅटरी संपली की छातीतली अख्खी डबीच बदलावी लागते. ती साधारण सात ते दहा वर्षे चालते. सत्तरीतल्या रुग्णाला एखादी पुरतेही. पण जन्मतःच हार्ट ब्लॉक असलेल्या मुलाने आयुष्यात किती वेळा ऑपरेशनला जायचे? दर वेळी नवा चिरा, जंतुसंसर्गाची धास्ती आणि खर्च.

अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या अमीन करामी यांनी २०१२ मध्ये यावर एक तोड मांडली : हृदयाच्या कंपनांतूनच वीज काढायची. वाकली की वीज देणारी पट्टी झोक्यासारखी वागते. एका ठरावीक लयीतच ती जोर धरते. हृदयाची लय मात्र झोपेत वेगळी, जिना चढताना वेगळी. म्हणून करामींनी पट्टीला चुंबकांची जोड दिली आणि तिचा एकसुरीपणा मोडला. प्रयोगशाळेतल्या कृत्रिम कंपनांवर मिनिटाला २० ते ६०० ठोक्यांपर्यंत पुरेशी वीज मिळाली.

अर्थात, हृदय अडखळते तेव्हाच पेसमेकरची खरी गरज. राखीव साठा हवाच. तरीही हे संशोधन आधी मुलांसाठी पुढे न्यायला हवे. दर काही वर्षांनी नवी डबी विकणाऱ्यांना त्याची घाई असेलच असे नाही. सरकारी पैसा इथे लागतो.