चमत्कार की शिडी? विदर्भाचा रणजी विजय आणि अकोटचा प्रश्न

१/ १ जानेवारी २०१८ रोजी इंदूरच्या होळकर मैदानावर विदर्भाने दिल्लीला ९ गडी राखून हरवले आणि पहिल्यांदाच रणजी करंडक जिंकला. तेव्हापासून या विजयाला एक शब्द चिकटला आहे : चमत्कार. शब्द कौतुकाचा वाटतो, पण तो इतिहास पुसून टाकतो. हा धागा त्या शब्दाच्या विरोधात आहे. आणि अखेरीस तो ज्या प्रश्नापाशी येतो, त्याचे उत्तर नागपूरला द्यावे लागेल.

२/ चमत्कारवाद्यांचा आवडता दाखला म्हणजे इंग्लंडमधील लेस्टर सिटी हा फुटबॉल क्लब. २०१५-१६ मध्ये हा क्लब प्रीमियर लीगचा विजेता झाला. हंगामापूर्वी सट्टेबाजांनी त्याच्यावर एकास पाच हजार असा भाव लावला होता. विदर्भाला ‘रणजीचा लेस्टर’ ठरवणे त्यामुळे सोपे जाते. दाखला वाईट नाही. तो अर्धवट वाचला जातो एवढेच.

३/ लेस्टर २००८-०९ मध्ये तिसऱ्या श्रेणीत खेळत होता. ती श्रेणी जिंकून तो दुसरीत आला. २०१३-१४ मध्ये १०२ गुण मिळवून त्याने दुसरी श्रेणी जिंकली आणि पहिलीत बढती मिळवली. त्यानंतर दोनच हंगामांनी विजेतेपद आले. जगाला विजेतेपदाचा हंगाम आठवतो, पण इतिहासाच्या दृष्टीने निर्णायक ठरला तो बढतीचा हंगाम. दार तेव्हा उघडले होते.

४/ ते दार कुणाच्या मेहेरबानीने उघडले नव्हते. इंग्लिश लीगमध्ये १८९८ पासून निकालांच्या आधारे आपोआप बढती आणि घसरण होते. वर जाण्यासाठी कुणाची शिफारस लागत नाही आणि खाली येण्यापासून कुणाचे नाव वाचवत नाही. खुद्द लेस्टर २०२३ मध्ये खाली घसरला, २०२४ मध्ये वर आला आणि २०२५ मध्ये पुन्हा घसरला. नियम सर्वांना सारखा, म्हणूनच त्याला मोल आहे.

५/ आता विदर्भाकडे वळू. रणजी स्पर्धा १९३४ ची. आरंभीच्या काळात या भूभागाचा संघ ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ या नावाने उतरत असे. ‘विदर्भ’ हे नाव स्पर्धेत आले १९५७-५८ च्या हंगामात. तेथून पहिल्या अंतिम सामन्यापर्यंत ६० वर्षे गेली. या ६० वर्षांत येथे खेळाडू जन्मलेच नाहीत, असे कुणाला म्हणायचे आहे काय?

६/ त्याचे उत्तर विदर्भाच्या जन्माआधीच मिळाले होते. भारताचे पहिले कसोटी कर्णधार कर्नल सी. के. नायडू यांचा जन्म १८९५ मध्ये नागपुरात झाला. १९२३ मध्ये होळकर दरबाराच्या बोलावण्यावरून ते इंदूरला गेले. पुढे होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. गुण नागपूरचा होता. मैदान, आश्रय आणि संघ इंदूरचा होता.

७/ म्हणून २०१८ मध्ये त्याच होळकरांच्या नावाच्या मैदानावर विदर्भाने करंडक उचलला, यात इतिहासाचा एक हिशेब चुकता झाला. पण तो दैवाने झालेला नाही. बुद्धिमान माणूस गाव सोडून जातो ती उणीव माणसाची नसते. त्याला थांबवून धरील अशी संस्था नसते, ही उणीव असते.

८/ संघटनेचा प्रवास पाहावा. २००२-०३ मध्ये रणजीत एलिट आणि प्लेट असे दोन गट झाले. विदर्भाने त्या दशकाचा बराच काळ प्लेट गटात, म्हणजे खालच्या पायरीवर काढला. याच काळात जामठ्याचे मैदान उभे राहिले. तेथे पहिली कसोटी झाली नोव्हेंबर २००८ मध्ये. प्रशिक्षणाची व्यवस्था उभी राहिली, वयोगटाचे संघ घडू लागले. टाळ्या वाजवायला तेव्हा कुणीही नव्हते.

९/ खालच्या पायरीवरून वर जाता येते, हे राजस्थानने दाखवून दिले होते. २०१०-११ मध्ये प्लेट गटात सुरुवात करून राजस्थानने थेट करंडक जिंकला आणि पुढल्या वर्षी तो राखलाही. नियमांत प्लेटच्या अव्वल संघांना बाद फेरीची वाट होती, म्हणून हे घडले. वाट नसती तर तोच संघ, तेच खेळाडू, आणि इतिहासात एक ओळही नाही.

१०/ विदर्भही पायरीपायरीने चढला. २०१४-१५ आणि २०१५-१६ अशा लागोपाठ दोन हंगामांत तो उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला. २०१७-१८ मध्ये कर्णधार फैज फझलने हंगामात ९१२ धावा केल्या. कोलकात्यातील उपांत्य सामन्यात कर्नाटकाला १९८ धावा हव्या होत्या. विदर्भ ५ धावांनी जिंकला. रजनीश गुरबानीने त्या सामन्यात १२ बळी घेतले. अंतिम सामन्यात त्याने त्रिक्रम साधला आणि अक्षय वाडकरने १३३ धावा केल्या.

११/ येथे दुसरा आक्षेप येतो : हा विजय उसन्या माणसांचा होता. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित आणि फलंदाज वसीम जाफर मुंबईचे, गणेश सतीश कर्नाटकाचा. आक्षेप घेणाऱ्यांनी होळकर संघ आठवावा. १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात होळकरांकडून नाबाद २४९ धावा करणारा डेनिस कॉम्प्टन तर इंग्लंडचा होता. तरी होळकरांच्या परंपरेला कुणी उसनी म्हणत नाही. मग हा न्याय केवळ विदर्भालाच का?

१२/ शिवाय ही देवघेव एकमार्गी नाही. २०१८-१९ च्या अंतिम सामन्यात सौराष्ट्राचे ११ बळी घेऊन विदर्भाला दुसरा करंडक मिळवून देणारा आदित्य सरवटे २०२४-२५ च्या अंतिम सामन्यात विदर्भाविरुद्ध केरळकडून खेळला आणि ७९ धावा करून गेला. विदर्भाने तो सामना पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर अनिर्णित राखून तिसरा करंडक घेतला. त्या हंगामात हर्ष दुबेचे बळी ६९, हा स्पर्धेचा विक्रम. सात वर्षांत तीन करंडक. चमत्कार इतका वक्तशीर नसतो.

१३/ येथवर बहुतेक वैदर्भीय वाचक मान डोलावतील. आता मान डोलावणे कठीण जाईल असा भाग. विदर्भात ११ जिल्हे आहेत. त्यांतले अमरावती, अकोला, वाशिम, बुलढाणा आणि यवतमाळ हे पाच पश्चिमेकडचे. करंडकावर नाव साऱ्या विदर्भाचे कोरले जाते. ज्या शिडीने विदर्भ वर चढला, ती शिडी या पाच जिल्ह्यांतल्या तालुक्यांपर्यंत उतरली आहे काय?

१४/ यावर तयार उत्तर असे : गुणी मुलगा कुठूनही येतो. अकोल्याचा आदित्य ठाकरे २०१७-१८ च्या अंतिम सामन्यातच प्रथम श्रेणीत पदार्पण करतो. अकोल्याचाच अथर्व तायडे विदर्भाकडून आणि आयपीएलमध्ये खेळला आहे. उदाहरणे खरी आहेत, अभिमानाची आहेत. पण त्यांवरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. नायडूही नागपूरचेच होते. तेवढ्याने १९२३ चे नागपूर क्रिकेटचे केंद्र ठरत नाही.

१५/ निवड आणि बढती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निवड होते ती मुलाची. तो बॅग उचलतो आणि अकोल्याहून सुमारे २५० किलोमीटरवरच्या नागपूरला जातो. त्याचा तालुका जेथे होता तेथेच राहतो. बढती मिळते ती संघाला, मैदानाला, क्लबला, म्हणजे गावाला. अकोटचा एखादा मुलगा वर गेला तर बातमी होते. अकोटचा संघ वर गेला तर त्याच्यामागे उभ्या असलेल्या पन्नास पोरांना उद्या सकाळी मैदानावर येण्याचे कारण मिळते.

१६/ वऱ्हाडाला संस्था उभारता येत नाहीत, ही सबब कुणी सांगू नये. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी त्याच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. रणजी स्पर्धेला तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. आखाड्याच्या मातीतून बर्लिनपर्यंत जाणाऱ्या प्रदेशाला खेळपट्टीची निगा राखता येणार नाही, हे मानायचे कसे?

१७/ विदर्भाने मुंबई-पुण्याशी भांडताना एक शब्द कमावला आहे : अनुशेष. १९५३ च्या नागपूर करारात न्याय्य वाट्याचे वचन होते. ते पुरते पाळले गेले नाही म्हणून १९८३ मध्ये वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. पुढे सिंचनाच्या अनुशेषात अमरावती विभागाचे दुखणे सर्वांत चिवट ठरले. मुंबईला विचारायचा तो प्रश्न वऱ्हाडाने नागपूरलाही विचारावा. राजधानीपासूनच्या अंतराचा जाच १९०३ मध्ये वऱ्हाड मध्यप्रांताला जोडले गेले तेव्हापासून त्याच्या परिचयाचा आहे.

१८/ अकोटला तर अंतराचा अर्थ अधिकच कळतो. अकोल्याहून अकोटमार्गे खांडव्याकडे आणि तेथून इंदूरकडे जाणारी मीटरगेज रेल्वे होती. २०१७ च्या सुरुवातीला अकोला-अकोट-खांडवा हा टप्पा गेज परिवर्तनासाठी बंद झाला. त्याच वर्षाअखेरीस विदर्भ इंदुरात अंतिम सामना खेळत होता. २०२२ च्या अखेरीस ब्रॉडगेज गाडी अकोटपर्यंत आली. पुढची वाट मेळघाटाच्या वादात अडकली. अर्धी वाट म्हणजे काय, हे या गावाला सांगावे लागत नाही.

१९/ म्हणून मागणी साधी आहे. तालुक्यांच्या क्लबांची श्रेणीबद्ध साखळी असावी. तीत अकोट, तेल्हारा, दर्यापूर, अचलपूर यांना केवळ निकालांच्या बळावर जिल्ह्याच्या वरच्या श्रेणीत आणि तेथून विदर्भाच्या श्रेणीत जाण्याचा लेखी हक्क असावा. हरलेल्याने खाली यावे, मग तो नागपूरचा का असेना. प्रत्येक तालुक्यात किमान एक टर्फ खेळपट्टी असावी. करंडकाच्या मिरवणुकीपुढे हा खर्च मोठा म्हणता येणार नाही.

२०/ ही मागणी भाबडी वाटत असेल, तर २०१८-१९ चा उपांत्यपूर्व सामना आठवावा. त्या वर्षी नवखा उत्तराखंड प्लेट गट जिंकून थेट बाद फेरीत आला आणि नागपुरात विदर्भापुढे उभा ठाकला. विदर्भाने त्याला एका डावाने हरवले. तरीही उत्तराखंड तेथे होता, आपल्या हक्काने होता. २०२२-२३ पासून प्लेट संघांची ती वाट बंद झाली. त्यांना आता आधी बढती मिळवावी लागते आणि करंडकासाठी पुढल्या हंगामाची वाट पाहावी लागते. शिड्या अशा हळूच काढून घेतल्या जातात, आणि वर पोहोचलेले क्वचितच बोलतात.

२१/ विदर्भाने बोलले पाहिजे, कारण प्लेट गटाची पायरी त्याने झिजवली आहे. आपला विजय चमत्कार मानला तर खाली असलेल्यांना सांगता येते की दैवाची वाट पाहा. तो शिडीचा विजय मानला तर शिडी खाली सोडणे हे कर्तव्य ठरते. तीन करंडकांनंतर विदर्भ क्रिकेटने कोणता अर्थ स्वीकारला, हे जामठ्यावर कळणार नाही. ते अकोटच्या मैदानावर कळेल.